पॉइंटर जुळले म्हणजे जनुक जुळलं असं नाही

सिलिएट या एकपेशीय जिवांत लघुकेंद्रकातली (वारसा जपणारं छोटं केंद्रक) विस्कटलेली जनुकं बृहत्केंद्रकासाठी (रोज वापरलं जाणारं मोठं केंद्रक) तुकडे जुळवून तयार होतात; तुकड्यांच्या टोकांना असलेले, जोड जुळवणारे सारखे छोटे क्रम म्हणजे पॉइंटर. "सारखे दोन पॉइंटर दिसले की मधलं कापायचं", असं या जुळणीचं वर्णन केलं, तर ते फक्त एल-डी क्रियेचं (मधला भाग वर्तुळ होऊन बाहेर पडणं) आहे, तेही अर्धवट. स्टर्किएला नोवा या सिलिएटचं अ‍ॅक्टिन-१ जनुक घ्या. लघुकेंद्रकात तुकडे ३-४-६-५-७-९-२-१-८ असे, पैकी २ उलटा. पॉइंटरची ओळ (४ म्हणजे तुकडे ३ व ४ जोडणारा पॉइंटर; वजा म्हणजे उलटा):

३ ४ ४ ५ ६ ७ ५ ६ ७ ८ ९ −३ −२ २ ८ ९

दोन्ही ४ लगतच, तिथे एल-डी चालते आणि जुळलेली जोडी ओळीतून जाते. पण ती ५ वर लावलीत तर सहावा तुकडाच वर्तुळाकार रेणूत निघून जातो! म्हणून ५-६ वर डी-लॅड (दुहेरी अदलाबदल), मगच ७ वर एल-डी. पुढे ८-९ वर पुन्हा डी-लॅड, आणि ३ व २ उलटे असल्याने तिथे एच-आय (उलटा भाग सरळ करणारी क्रिया). ओळ रिकामी, जनुक तयार.

कागदावर ठीक. पण काही पॉइंटर जेमतेम २ बेसजोड्यांचे असतात; तसे तर जीनोममध्ये पावलोपावली सापडतील. नेमकी जागा त्यावरून ठरणार कशी? म्हणून प्रेस्कॉट, एरेनफॉइश्ट, रोझेनबर्ग या संशोधकांनी २००३ मध्ये साच्याची, म्हणजे तुकडे कसे जोडायचे ते दाखवणाऱ्या वेगळ्या रेणूची, कल्पना मांडली. २००८ मध्ये ऑक्सिट्रिका या सिलिएटात दिसलं, की जुन्या बृहत्केंद्रकातून आलेला आरएनए हे साच्याचं काम करतो.