अपलोड फोल्डरला ‘एव्हरीवन, फुल कंट्रोल’: हा इलाज आता थांबवायला हवा

सीमाभाग_सर्व्हर
बेळगाव, निपाणी, चिक्कोडीकडच्या पतसंस्था असोत की साखर कारखाने, विंडोज सर्व्हरवर एकच इलाज सर्रास दिसतो. ॲपने ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हटलं की साइटच्या फोल्डरवर एव्हरीवनला, म्हणजे सगळ्याच खात्यांना, फुल कंट्रोल. त्याच फोल्डरात सभासदांचे आधार, पॅन, जमिनीचे उतारे स्कॅन करून ठेवलेले असतात, हे कुणी बघत नाही.

माझं मत ठाम आहे. लिहायचा अधिकार फक्त त्या साइटच्या ॲप्लिकेशन पूलच्या (साइटचं ॲप ज्या प्रोसेसमध्ये चालतं त्याच्या) खात्याला द्यावा, आणि तोही ॲप जिथे खरोखर लिहितं तेवढ्याच फोल्डरवर. सर्व्हर २००८ आर२ मधल्या आयआयएस ७.५ (मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर) पासून नव्या पूलला स्वतःचं व्हर्च्युअल खातं आपोआप मिळतं. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, एडिट, ॲड करा. लोकेशन्समध्ये डोमेन न ठेवता तो सर्व्हरच निवडा. बरेच जण इथेच अडतात. ‘आयआयएस ॲपपूल’, उलटा स्लॅश आणि पूलचं नाव हातानेच टाइप करा, कारण शोधून ते यादीत सापडत नाही. मग फक्त मॉडिफाय (वाचणं, लिहिणं, पुसणं) द्या. फुल कंट्रोलमध्ये परमिशन बदलायचा आणि फोल्डरची मालकी घ्यायचा अधिकारही जातो. वेब ॲपला त्याची गरज कधीच नसते.

निपाणी_एएमसी
सर, पटत नाही. एक सर्व्हर, एक साइट, महिन्यातून एकदा येणारा एएमसीवाला (वार्षिक देखभालीचा कंत्राटदार), असा इथला कारभार. ‘आयआयएस_आययूएसआरएस’ या ग्रुपला पूर्ण साइटवर मॉडिफाय दिलं की काम भागतं. पूलच्या खात्याला परमिशन दिली आणि उद्या साइट दुसऱ्या मशीनवर नेली, तर सगळं परत करायचं. शिवाय ॲप नेमकं कुठे लिहितं हे कुणालाच ठाऊक नसतं. लॉग एकीकडे, एक्सेल एक्स्पोर्ट दुसरीकडे. अंदाजाने किती फोल्डर धुंडाळायचे?

सीमाभाग_सर्व्हर
अंदाज कशाला? मायक्रोसॉफ्टचं मोफत प्रोसेस मॉनिटर लावा. प्रोसेसचं नाव डब्ल्यू३डब्ल्यूपी डॉट ईएक्सई (पूलची प्रोसेस), रिझल्ट ॲक्सेस डिनाइड, असे दोन फिल्टर टाका आणि ॲप चालवा. कुठला पाथ, कुठल्या खात्याने, कसला अधिकार मागितला, सगळं एका ओळीत दिसतं. दहा मिनिटांचं काम आहे.

मशीन बदलायची भीतीही नको. पूलच्या खात्याचा एसआयडी (विंडोज खातं ज्यावरून ओळखतं तो क्रमांक) पूलच्या नावावरूनच बनतो. नव्या सर्व्हरवर पूलचं नाव तेच ठेवलं तर एसआयडीही तोच येतो. नाव बदललं तर मात्र जुनी परमिशन निकामी होते, तेवढं खरं.

आणि तुमच्या त्या ‘आयआयएस_आययूएसआरएस’ ग्रुपमध्ये सर्व्हरवरचा प्रत्येक पूल आपोआप येतो. आज एकच साइट आहे म्हणता. उद्या त्याच सर्व्हरवर शाळेची साइट चढली आणि ती फुटली, तर पतसंस्थेच्या फायलीही तिच्या हातात. वर पूर्ण साइटवर मॉडिफाय म्हणजे वेब डॉट कॉन्फिग ही साइटच्या सेटिंगची फाईलसुद्धा बदलता येते!

उद्यमबाग_नेट
दोघांचंही अर्धंच झालंय. लिहिण्यावरच बोलताय, वाचण्याचं काय? पूलची प्रोसेस युजर्स या ग्रुपमध्येही धरली जाते, आणि डी ड्राइव्हच्या मुळावर युजर्सला वाचायची परवानगी सहसा आधीपासूनच असते. म्हणजे शेजारच्या साइटचं वेब डॉट कॉन्फिग, त्यातल्या डेटाबेसच्या पासवर्डसकट, वाचता येतं. साइटच्या फोल्डरवर ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन इनहेरिटन्स (वरच्या फोल्डरकडून आपोआप येणाऱ्या परमिशन) बंद करा. विचारेल तेव्हा कन्व्हर्ट म्हणा, रिमूव्ह नको. मग युजर्स काढा. ॲडमिनिस्ट्रेटर्स आणि सिस्टिम राहू द्या, पूलच्या खात्याला रीड अँड एक्झिक्यूट द्या.

यानंतर चित्रं आणि स्टाइलशीट ४०१.३ (परवानगी नाही) हा एरर देऊन बंद पडली तर घाबरून एव्हरीवन देऊ नका. अनामिक पाहुण्यासाठी आयआयएस ‘आययूएसआर’ हे खातं वापरतं आणि ते आता बाहेर राहिलंय. ॲनॉनिमस ऑथेंटिकेशनमध्ये एडिट करून ‘ॲप्लिकेशन पूल आयडेंटिटी’ निवडा. ५००.१९ आणि सोबत ०x८००७०००५ दिसलं तर वेब डॉट कॉन्फिग वाचायचाच अधिकार नाही, असं समजा.

निपाणी_एएमसी
प्रोसेस मॉनिटरचं मान्य, अण्णा. पण जुन्या मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस डेटाबेसवरच्या ॲपचं काय? नुसत्या फाईलवर मॉडिफाय देऊन ते चालत नाही. शेजारी लॉक फाईल बनते आणि पुसलीही जाते, म्हणून पूर्ण फोल्डर उघडावाच लागतो. अशा ठिकाणी तुमचा काटेकोरपणा टिकत नाही.

उद्यमबाग_नेट
टिकतो की. डेटाबेस साइटच्या मूळ फोल्डरबाहेर स्वतंत्र फोल्डरात न्या, कनेक्शन स्ट्रिंगमधला पाथ बदला आणि त्या फोल्डरवर मॉडिफाय द्या. ब्राउझरमधून पत्ता टाइप करून कुणी तो उतरवून घेऊ शकत नाही, हा वरचा फायदा.

अपलोडलाही हेच लावा. आयआयएसच्या हँडलर मॅपिंग्जमध्ये (कुठली फाईल कशी चालवायची ते ठरतं तिथे) स्क्रिप्टची टिक काढणं चांगलंच, पण ती नोंद अपलोड फोल्डरच्याच वेब डॉट कॉन्फिगमध्ये राहिली, तर मॉडिफाय असलेला पूल तीही बदलू शकतो. हल्लेखोर एएसपीएक्स फाईल (सर्व्हरवर चालणारा कोड) टाकण्याआधी तेच करेल. फोल्डर मुळाबाहेर ठेवा, लॉगिन तपासून फाईल ॲपनेच वाचून द्यावी.

सीमाभाग_सर्व्हर
हे माझ्या पहिल्या मजकुरात हवं होतं. एक भर. कारखान्यात फाईल सर्व्हर वेगळा असेल, तर नेटवर्कवर पूलचं व्हर्च्युअल खातं जात नाही, वेब सर्व्हरचं कॉम्प्युटर खातं जातं, नावाच्या शेवटी डॉलर असलेलं. ते निवडताना ऑब्जेक्ट टाइप्समध्ये कॉम्प्युटर्सची टिक लावा, आणि परमिशन शेअर व सिक्युरिटी दोन्हीकडे द्या. हे डोमेनमध्येच चालतं.