क्रीप टेस्टिंग मशीन घ्यायचंय, लिव्हर आर्म की सर्व्हो? जुनं चालेल का? (सल्ला हवा)

भोसरीचा_गाळेवाला
नमस्कार मंडळी. भोसरीत आमची छोटी टेस्टिंग लॅब आहे, यूटीएम (पीस ओढून तोडणारं मशीन), इम्पॅक्ट, हार्डनेस, स्पेक्ट्रो एवढंच, एनएबीएलची मान्यता आहे. आता बॉयलरच्या पाइपांचं वेल्डिंग करणारे एक जुने कस्टमर मागे लागलेत की पी९१ (उष्णता सोसणारं क्रोम स्टील) च्या वेल्डची क्रीप टेस्ट, म्हणजे तापलेला पीस लोडखाली हळूहळू ताणत जाऊन किती टिकतो ते, तुम्हीच करून द्या, बाहेर नंबरच लागत नाही. ६०० डिग्रीला, काही पीस ६५० ला. मी आयुष्य यूटीएमवर काढलंय हो, पाच मिनिटांत पीस तुटतो, रिपोर्ट देऊन मोकळा. इथे म्हणे एकेक पीस दहा हजार तास टांगून ठेवायचा, म्हणजे जवळपास चौदा महिने! दोन कोटेशनं आलीत, एक लिव्हर आर्मचं, म्हणजे दांडीला वजनं टांगून लोड देणारं, एक सर्व्होचं, म्हणजे मोटरने लोड देणारं (ह्याचं ब्रोशर लग्नाच्या अल्बमसारखं आहे). शिवाय एका बंद पडलेल्या लॅबची तीन जुनी लिव्हर मशीनं स्वस्तात मिळतायत. काय करू?

रिटायर्ड_रप्चर
मशीन नंतर. आधी कस्टमरला फोन लावा आणि विचारा, फक्त रप्चर पाहिजे की स्ट्रेनचा (पीस किती ताणला त्याचा) कर्व्ह पण पाहिजे. रप्चर म्हणजे पीस किती तासांनी तुटला एवढंच, त्याला एक्स्टेन्सोमीटर (पिसाचं ताणणं मोजायचं यंत्र) लागत नाही, खर्च आणि डोकेदुखी दोन्ही बऱ्याच कमी. कर्व्ह हवा असेल तर पिसाच्या दोन्ही बाजूंना एक्स्टेन्सोमीटरचे पाय, खाली एलव्हीडीटी (सरकणं मोजणारा सेन्सर), दोन्हीची सरासरी, हे सगळं आलं.

आणि मशीन लिव्हरच घ्या. १० एमएमचा पीस धरा, १५० एमपीए स्ट्रेस, म्हणजे साधारण १२०० किलोचा लोड, २०:१ च्या लिव्हरला टोकाला ६० किलो वजनं टांगली की झालं. गुरुत्वाकर्षणाला लाइट लागत नाही, ड्राइव्हचं कार्ड जळत नाही. सर्व्हो वाईट नाही हं, क्रीप-फटीग (लोड वरखाली करत पीस थकवायची टेस्ट) करायचं असेल किंवा पीस बारीक होत गेला तरी स्ट्रेस कायम ठेवायचा असेल तर तेच पाहिजे, पण तुमचं ते काम नाही.

क्षितिजा_आर
+१. मी फर्नेस आणि टेंपरेचर कंट्रोलमधली, म्हणून माझं रडगाणं. सगळे फ्रेम बघतात, फर्नेस कुणी बघत नाही, आणि क्रीपचा निकाल ठरतो तिथेच. लार्सन-मिलर (तापमान आणि आयुष्य जोडणारं सूत्र) लावून बघा, त्यातला स्थिरांक सी २० धरून. ६०० ला जो पीस १०,००० तास टिकायला हवा तो ६०५ ला ७,३०० च्या आसपास तुटेल. पाच डिग्रीत पाव आयुष्य गेलं! म्हणून क्रीप टेस्टच्या एएसटीएम ई१३९ स्टँडर्डमध्ये १००० डिग्रीपर्यंत ±२ ची मर्यादा आहे, आणि ती पूर्ण गेज लेंग्थवर (पिसाचा मोजायचा मधला भाग), टेस्टभर. सेल्समन कंट्रोलरचा डिस्प्ले दाखवून ‘मॅडम ०.१ डिग्री’ म्हणेल, तो एका बिंदूचा आकडा. तीन झोनची फर्नेसच घ्या, प्रत्येक झोनला वेगळा कंट्रोल, आणि ऑर्डर देण्याआधी त्यांच्याकडे जाऊन डमी पिसावर वर-मध्ये-खाली थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) बांधून एक अख्खा दिवस रीडिंग घ्या. नाही म्हणाले तर चहा पिऊन निघून या.

थर्मोकपलमध्ये पैसे वाचवू नका. के टाइप स्वस्त पण महिनोन्‌महिने ६५० ला शेकला की हळूहळू सरकतो आणि सरकलाय हे डिस्प्लेवर कळत नाही, तो बिचारा ६५०च दाखवत राहतो. लांबच्या टेस्टला आर किंवा एस, प्लॅटिनमवाले. महाग आहेत, कुलपात ठेवा 😄

भोसरीचा_गाळेवाला
बापरे. फोन केला, त्यांना रप्चरच पाहिजे, पण घाई आहे म्हणतात. स्ट्रेस वाढवून १००-२०० तासांत तोडून रिपोर्ट देता येईल का असं विचारतायत.

रिटायर्ड_रप्चर
पेरेंट मेटल (वेल्डच्या बाजूचा मूळ धातू) असतं तर वाद घातला असता, वेल्डला नाहीच. पी९१ च्या वेल्डचं दुखणं हीट अफेक्टेड झोनच्या (वेल्डिंगच्या उष्णतेने बदललेला शेजारचा पट्टा) बाहेरच्या कडेला असतं, बारीक ग्रेनच्या पट्ट्यात, त्याला टाइप फोर क्रॅकिंग म्हणतात. स्ट्रेस जास्त ठेवला की पीस पेरेंट मेटलमध्ये किंवा वेल्डमध्ये तुटतो आणि रिपोर्ट छान दिसतो. स्ट्रेस कमी, तास जास्त, तेव्हाच तो पट्टा तोंड उघडतो. शंभर तासांचा रिपोर्ट देऊन तुम्ही त्यांना नेमकी हीच गोष्ट लपवून द्याल, भले मुद्दाम नसेल. वेगवेगळ्या स्ट्रेसला तीन-चार पीस लावा, एखादा तरी लांबचा ठेवा, आणि तुटला कुठे ते प्रत्येक रिपोर्टात लिहा.

टाटानगरचा_मराठी
मी जमशेदपूरला असतो, इथल्या एनएमएलची (राष्ट्रीय धातू प्रयोगशाळा) क्रीप लॅब एकदा आतून बघितलीय. मशीनं ओळीने उभी, आवाज नाही, गडबड नाही, काही घडतच नाही असं वाटतं 😄 तिथे दोन गोष्टी शिकलो, खोलीचा एसी चोवीस तास आणि लाइटचा बॅकअप. जपानमध्ये निम्सची (सरकारी मटेरियल संशोधन संस्था, तेव्हा नाव वेगळं होतं) १९६९ ला सुरू झालेली एक टेस्ट चाळीस वर्षांहून जास्त चालली, लावणारा माणूस तोवर रिटायरही झाला असेल.

ब्रँड विचारलात तर लिव्हरवाली एटीएस आणि झ्विकरोएल दोघांकडे आहेत, मुंबईची स्टार टेस्टिंग सिस्टिम्सही क्रीप मशीन बनवते. तिघांकडून कोटेशन मागवा. एकाच ब्रोशरच्या प्रेमात पडू नका.

भोसरीचा_गाळेवाला
बॅकअपचं नीट सांगा ना कुणीतरी. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते ती जातेच.

क्षितिजा_आर
कंट्रोलर आणि लॉगिंगला यूपीएस, फर्नेसला आपोआप सुरू होणारा जनरेटर. फर्नेस इन्सुलेटेड असते त्यामुळे मिनिटभरात फार पडत नाही, पण अर्धा तास गेला तर पीस थंड होऊन आकसतो आणि कर्व्हमध्ये खड्डा येतो. आणि लाइट आल्यावर कंट्रोलर फुल पॉवर मारून ६२० ला नेत नाही ना ते आधी तपासा. थंड होण्यापेक्षा हे जास्त वाईट. आमच्याकडे एकदा सात हजार तासांचा पीस असाच गेला, दोन दिवस कुणी जेवणाच्या सुट्टीत बोलत नव्हतं. जे काही होईल ते रिपोर्टात लिहायचं, लपवायचं नाही.

रिटायर्ड_रप्चर
जुन्या मशीनांबद्दल राहिलंच. फ्रेम जुनी असली तरी बिनधास्त घ्या, लोखंडाला काय होतंय. बघायचं ते नाइफ एज, म्हणजे लिव्हर ज्या धारेवर तोलला जातो ती. भिंगाखाली धार बोथट किंवा चेपलेली दिसली तर लिव्हरचा रेशो हलला म्हणून समजा. पीस धरणारे पुल रॉड बघा, ते निकेल अलॉयचे पाहिजेत, आणि थ्रेडवर बोरॉन नायट्राइड मारायची सवय लावा, नाहीतर पीस तुटल्यावर तुकडा बाहेर निघत नाही, रॉड कापावा लागतो. फर्नेस जुनी असेल तर ती भंगारात धरूनच भाव करा. लोड कॅलिब्रेशन आयएसओ ७५००-२ प्रमाणे, यूटीएमचा भाग एक वेगळा, एजन्सीला आधी विचारा की भाग दोन त्यांच्या स्कोपमध्ये आहे का. आणि वजनांच्या खाली रबर किंवा वाळूची पेटी ठेवा, ६० किलो रात्री तीनला पडले की अख्खी लॅब हलते आणि शेजारच्या मशीनवरचे पीसही हादरतात.

भोसरीचा_गाळेवाला
हादऱ्यावरून आठवलं, शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस आहे. चालेल ना?

रिटायर्ड_रप्चर
😐 हे धाग्याच्या सुरुवातीला सांगायचं असतं दादा. जिथे मशीन ठेवणार तिथे जमिनीवर वाटीभर पाणी ठेवा आणि प्रेस चालू असताना बघा.

भोसरीचा_गाळेवाला
ठेवलं. काका, पाणी नाचतंय. आणि तो रात्रपाळीही करतो.

क्षितिजा_आर
लिव्हर, वजनं, नाइफ एज सगळं त्या तालावर हलणार. वेगळं फाउंडेशन टाकून, स्लॅब कापून काही जण करतात, पण भाड्याच्या गाळ्यात मालक कापू देईल का?

भोसरीचा_गाळेवाला
नाही देणार, खिळा मारला तरी फोन करतो. शनिवारी जुनी मशीनं बघायला जातोय भिंग घेऊन, पण आता आधी जागा. चाकणकडे कुणाच्या ओळखीत तळमजल्यावरचा गाळा आहे का, शेजारी प्रेस नसलेला?

टाटानगरचा_मराठी
चाकणमध्ये शेजारी प्रेस नसलेला गाळा 😂 शोधा शोधा, सापडला तर मलाही कळवा.