मदत हवी आहे: गावठी कुत्र्यांच्या त्वचारोगांचे फोटो (शिकवण्यासाठी)

नमस्कार मंडळी,

मी पशुवैद्यक आहे. तालुक्याच्या गावी दवाखाना आहे, दरवर्षी दोन-तीन इंटर्न हाताखाली येतात. त्यांना कातडीचे आजार शिकवताना अडतंय.

पुस्तकांतले बहुतेक फोटो उजळ कातडीच्या विदेशी कुत्र्यांचे. त्यात लाली ठसठशीत दिसते. आपल्या काळ्या गावठी कुत्र्यावर ती दिसतच नाही. कातडी आणखी काळवंडते, जाड होते, घड्या पडतात. मुलं लाली शोधत बसतात, नाही सापडली की 'लूत आहे' म्हणून किडे मारणारं आयव्हरमेक्टिन टोचून मोकळी होतात. कॉलीसारख्या जातींत एमडीआर-१ जनुकात दोष असला तर तेच औषध जिवावर बेतू शकतं, हे मी दर वर्गात सांगते.

परवा एक आजी काळ्या कुत्र्याला घेऊन आल्या. कानांच्या कडा खपल्यांनी जाड झालेल्या. कड दोन बोटांत धरून चोळली, तसा मागचा पाय आपोआप हवेत खाजवू लागला. आजींच्या हातावरही, जिथे त्याला कवेत घेतात तिथेच, खाजरं पुरळ. कातडी खरवडून स्लाइड केली, मायक्रोस्कोपखाली पाहिली तर काहीच नाही. इंटर्न म्हणाली, "मॅडम, निगेटिव्ह." सारकॉप्टिस, म्हणजे खाजऱ्या लुतीचा किडा, असूनही स्लाइडवर न सापडणं नेहमीचंच, अशा वेळी लक्षणांवर विश्वास ठेवून उपचार सुरू करावे लागतात. तिला ते पटलं ते आजींचा हात पाहून.

डेमोडेक्स या दुसऱ्या किड्याचं उलट. तो केसाच्या मुळाशी राहतो, माणसाला लागत नाही. कातडी चिमटीत दाबून, बारीक रक्त येईपर्यंत खरवडलं की लांबट किडा बहुधा सापडतोच. खाज थांबावी म्हणून आधी कुणी स्टिरॉइड दिलेलं असलं तर तो बोकाळतो. केस उगवले म्हणून औषध थांबवायचं नाही, महिन्याच्या अंतराने दोनदा स्लाइड स्वच्छ यायला हवी. मालकांना हे पटवणं सगळ्यात अवघड. उपचाराआधीचे आणि दर महिन्याचे फोटो समोर ठेवले तर पटेल असं वाटतं.

तर मदत अशी हवी आहे. कुणाकडे गावठी कुत्र्याचे असे एकाच जागेचे फोटो असतील तर द्याल का? दिवसाच्या उजेडातले, फ्लॅशशिवाय. शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवलेलं असेल तर उत्तमच, आकार कळतो. निदान कशावरून झालं तेही लिहा. मालकाची परवानगी असलेलेच द्या. वासरांच्या डोळ्यांभोवतीच्या राखाडी खपल्यांच्या नायट्याचेही चालतील. तो धार काढणाऱ्यांच्या हातांवर येतो, तेही मुलांना दाखवायचं आहे.

दुसरं, मायक्रोस्कोपच्या भिंगापुढे फोन धरून काढलेले माझे फोटो हलतात, कडेला काळी सावली येते. कुणी स्वस्तात स्टँड केलाय का? कशापासून?