मित्राची घरगुती बिअर चाखून नेमकं काय सांगायचं? (अनुभव धागा)

फेसाळ

‘मस्त झालीये रे!’ हे ऐकायला बरं वाटतं, पण घरी बिअर करणाऱ्याच्या काही कामाचं नाही. पाच गॅलनच्या, म्हणजे साधारण १९ लिटरच्या बॅचमध्ये अख्खा शनिवार जातो, वर आंबणं-मुरणं धरून तीन ते सहा आठवडे. एवढं करून दोष कुणी सांगितलाच नाही, तर तोच दोष पुन्हा १९ लिटर.

आपल्यातले बरेच जण अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये असतात, म्हणून धागा तिथला. अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरगुती बिअर केंद्राच्या पातळीवर मोकळी झाली (घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलन, विक्री नाही). अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी मात्र २०१३ उजाडेपर्यंत ताणलं. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, तेव्हा तिकडच्या मंडळींनी हे चाखण्यापुरतंच घ्यावं.

एकच विनंती: ‘माझी पहिली बॅच’ छापाच्या आठवणी नकोत. तुम्ही काय करता, किती प्रमाणात, आणि कुठे फसतं तेवढं लिहा.

सत्तू

मांडणीपासून सुरुवात करतो, कारण अर्धे चुकीचे अभिप्राय मांडणीतूनच येतात.

एका बैठकीत सहा, फार तर आठ बिअर. प्रत्येकी ९० ते १२० मिली. पेला एक तृतीयांशच भरायचा, वरच्या मोकळ्या जागेत वास साठतो. काचेचे सारखे पेले नसतील तर पारदर्शक कडक प्लॅस्टिकचे चालतात, पण आधी रिकाम्या पेल्याचा वास घ्या. कपाटात पडून राहिलेल्या पेल्याला कपाटाचा वास येतो आणि बोल बिअरला लागतो.

क्रम फिक्यापासून गडदकडे, हलक्यापासून तेज बिअरकडे, कमी कडूपासून जास्त कडूकडे. आंबट आणि धुरकट बिअर अगदी शेवटी. लागर (गार आंबवलेली बिअर) ७ ते १० अंश सेल्सिअस, एल (जरा उबदार आंबवलेली) १० ते १३, बार्लीवाइनसारखी जड बिअर १२ ते १५. फ्रीजमधून काढून थेट ओतलेल्या चार अंशांच्या बिअरमध्ये दोष लपतात. पेला दोन्ही तळव्यांत धरून पाच मिनिटं थांबा, मग नाक घाला.

तोंड साफ करायला पाणी आणि बिनमिठाचा पाव. शेव, चकली, खारे दाणे बैठक संपल्यावर. आधी अर्धा तास चहा-कॉफी नको, सुपारी नको, अत्तर तर नकोच. ओठांना लिपस्टिक किंवा तेलकट खाणं लागलेलं असेल तर फेस बसतो आणि ‘फेस टिकत नाही’ असा खोटा शेरा पडतो.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. एकाने ‘लोण्याचा वास येतोय का रे?’ म्हटलं की पुढच्या दहा सेकंदांत चौघांना लोणी येतं.

रिकामी बाटली

ओतायच्या आधी बाटली उजेडात धरा. मानेत, जिथे बिअरची पातळी असते तिथे आतून पांढुरकं कडं दिसलं तर बाहेरच्या जिवाणूंचा किंवा रानटी यीस्टचा संशय धरा. पातळी फार खाली असेल तर आत हवा जास्त, म्हणजे जुनाट वासाची तयारी ठेवा. तळाचा साका हलवू नका, शेवटचा सेंटिमीटरभर बाटलीतच राहू द्या. अपवाद हेफेवाइझेनचा (गव्हाची गढूळ जर्मन बिअर), तिथे गाळ घोळवूनच ओततात.

उघडताच बिअर उसळून बाहेर आली तर लगेच ‘संसर्ग’ लिहू नका. साखर जास्त पडली असेल, आंबणं पुरं व्हायच्या आधी भरली असेल, किंवा बाटली नुसती गरम असेल. १९ लिटरला ११० ते ११५ ग्रॅम साधी साखर मध्यम फसफशीला पुरते. कुणी अंदाजाने कपभर ओतली असेल तर उत्तर तिथेच मिळतं. उसळलीही आणि अंगाने पाणचट, आंबूसही लागली, तर संसर्गाची शक्यता बळावते.

तुरटी

इंग्रजीतून चाखायला शिकलेल्या मराठी माणसाची एक गंमत होते. ‘बटरस्कॉच’, ‘ग्रीन ॲपल’ असे शब्द पाठ होतात, पण नाकाची आठवण असते आपल्या स्वयंपाकघराची. तिचाच वापर करा.

आधी तुरट आणि कडू. अमेरिकन परीक्षकांच्या कागदांवर या दोघांची सर्रास सरमिसळ दिसते. आवळा, कच्चं केळं, जांभूळ खाल्लेल्याची ती व्हायला नको. कडूपणा जिभेवर, मागच्या बाजूला रेंगाळतो. तुरटपणा ही चव नव्हे, स्पर्श आहे. गालांची आतली बाजू आणि हिरड्या आवळल्यासारख्या होतात. फरक कळला की कारणही वेगळं सापडतं. जास्त कडू असेल तर हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं) मोजा. तुरट असेल तर माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) धुतानाचं पाणी ७७ अंशांच्या वर गेलं का, शेवटच्या पाण्याचा पीएच सहाच्या आसपास चढला का, दळताना सालांचा भुगा झाला का, हे विचारा. चहाची पूड फार उकळली की होतं तेच इथे सालींचं होतं.

आता डबे एकेक उघडू.

लवंग आणि वेलची केळी: हेफेवाइझेनमध्ये दोन्ही हवीत, पेल एलमध्ये दोन्ही नकोत. केळं जास्त झालं असेल तर आंबण्याचं तापमान (२२ च्या पुढे गेलं का) आणि यीस्टची मात्रा विचारा. लवंग कमी पडली असेल तर मॅश (माल्ट आणि गरम पाण्याचं मिश्रण) ४३ ते ४५ अंशांवर दहा-पंधरा मिनिटं थांबवायला सुचवा. ज्या आम्लापासून लवंगेचा वास तयार होतो ते तिथे सुटतं.

उकडलेलं मक्याचं कणीस: डीएमएस, म्हणजे माल्टमधून येणारं गंधकयुक्त द्रव्य. फिका पिल्सनर माल्ट, झाकण ठेवून उकळणं, सावकाश गार करणं. उपाय म्हणजे झाकण काढून ९० मिनिटं सणसणीत उकळी आणि झटपट गार.

चिरलेला कच्चा लाल भोपळा: ॲसिटाल्डिहाइड, आंबताना मध्येच तयार होणारं द्रव्य. इंग्रजीत हिरवं सफरचंद म्हणतात, पण भोपळा जास्त जुळतो. बहुतेक वेळा बिअर घाईने यीस्टवरून काढलेली असते.

काळं मीठ: गंधक. लागर यीस्टचा हा स्वभावच आहे, गार ठेवून आणखी तीन-चार आठवडे मुरवा म्हणायचं. त्यात दोष असा नाही.

हिंग-कांदा: समिटसारखे काही हॉप्स, किंवा उशिरा तोडलेलं पीक. इथे करणाऱ्याची चूक शून्य, फक्त पाकीट बदला. जुन्या चीजचा किंवा घामट मोज्यांचा वास आला तर हॉप्सच शिळे.

डेटॉल: हा नुसता ‘सारखा वास’ नाही. डेटॉलमधला मुख्य पदार्थ क्लोरोझायलेनॉल, म्हणजे क्लोरीन जोडलेला फिनॉलच, आणि बिअरमधला दोषही क्लोरोफिनॉलचा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन किंवा क्लोरामाइन याला जबाबदार, नाहीतर ब्लीचने धुऊन नीट न विसळलेली भांडी. ‘पाणी उकळलं होतं की’ हा बचाव क्लोरामाइनला चालत नाही, ते उकळून सहज जात नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या पाण्यात ते २००४ पासून आहे. कॅम्पडेनची (क्लोरीन-क्लोरामाइन घालवणारी सल्फाइटची) एक गोळी २० गॅलन पाण्याला पुरते, पाच गॅलनला पाव गोळी चुरून टाकली की झालं.

भिजलेलं पुठ्ठ्याचं खोकं: हवा लागली. गढूळ न्यू इंग्लंड आयपीएमध्ये (भरपूर हॉप्सची एल) वासाच्या आधी रंग सांगतो, पिवळ्याचा राखाडी-तपकिरी होतो. बार्लीवाइनमध्ये हाच जुनेपणा मनुका-शेरीसारखा, कधी हवाहवासाही वाटतो.

फेसाळ

तुरटीच्या यादीत स्कंकचा वास राहिला! महाराष्ट्रात हा दुर्गंधी फवारणारा प्राणी नाही, पण अमेरिकेत रात्री गाडी चालवणाऱ्याला वास सांगावा लागत नाही. हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर उजेड पडला की तो तयार होतो. तपकिरी बाटली बऱ्यापैकी अडवते, हिरवी आणि पारदर्शक नाही. पण अंगणात बार्बेक्यू लावून उन्हात चाखायला बसलात, तर पेल्यातल्या पेल्यात काही मिनिटांत तो येऊ शकतो आणि बिचाऱ्या करणाऱ्याला ‘उजेडापासून सांभाळ’ असा सल्ला मिळतो. सावलीत बसा.

हॉपवेल

लोण्यावर वेगळं लिहायला हवं, कारण तिथे आपली मंडळी हमखास चुकतात. डायअसिटील हा लोण्याच्या आणि ताकाच्या वासातलाच पदार्थ. विरजणातले जिवाणू तो बनवतात. त्यामुळे तो आपल्या नाकाला दोष वाटत नाही, ‘गोडसर, छान’ वाटतो. नाकावर विसंबू नका, जीभ टाळूवर फिरवून बघा. तुपकट, निसरडा थर जाणवला तर लिहा.

करणाऱ्याला ‘भांडी नीट निर्जंतुक कर’ असं लगेच सांगणं चूक. पेडिओकोकस जिवाणूंमुळे लोणी येऊ शकतं, केगच्या (बिअरच्या धातूच्या पिंपाच्या) अस्वच्छ नळ्यांमुळेही येतं, पण घरगुती लागरमध्ये बहुधा कारण असतं घाई. यीस्ट एक पूर्वद्रव्य बाहेर टाकतं, त्याचं बाहेरच डायअसिटील होतं, मग यीस्टच ते परत शोषून घेतं. त्याआधी गार केलं तर शोषायला कुणी जागं नसतं. आंबणं संपत आलं की १८ ते २० अंशांवर दोन-तीन दिवस ठेवायचं.

झालं की नाही, हे बॅच गार करण्याआधी तपासता येतं. फर्मेंटरमधून (आंबवायच्या भांड्यातून) दोन बरण्यांत १००-१०० मिली घ्या, फॉइलने झाका. एक ६० ते ७० अंशांच्या पाण्यात २० मिनिटं, दुसरी ओट्यावर. मग दोन्ही सारख्या तापमानाला आणून हुंगा. फक्त तापवलेलीत लोणी आलं तर पूर्वद्रव्य शिल्लक आहे, थांबा. दोन्हीत आलं तरी थांबा. दोन्ही साफ असतील तरच गार करा. आयपीएमध्ये कोरडे (न उकळता, थेट) हॉप्स टाकल्यावर ही तपासणी पुन्हा करा, कारण हॉप्समधली विकरं उरलेली शर्करा मोडतात, आंबणं परत सुरू होतं आणि लोणीही परत येतं.

थेम्सकाठ

हॉपवेल यांच्याशी निम्मा सहमत. इंग्लिश बिटरमध्ये अगदी पुसटसं लोणी चालतं, त्याला दोष म्हणून गुण कापणारा परीक्षक शैली न वाचता बसलेला असतो. तेच ‘सपक, फसफस नाही’ या शेऱ्याचं. कास्क एल (पिंपातच मुरलेली, तिथूनच ओतलेली) ११ ते १३ अंशांवर, कमी वायूचीच असते. अमेरिकन लागरच्या अपेक्षेने चाखलं तर दहातली नऊ ब्रिटिश पिंपं नापास होतील. चाखण्याआधी करणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: ‘काय करायचं होतं?’ कृती मात्र नंतर मागा. कागदावर लवंग वाचली की पेल्यात लवंग येते.

सत्तू

गुण द्यायचेच असतील तर बीजेसीपीचा (बिअर परीक्षकांची अमेरिकन संस्था) ५० गुणांचा कागद वापरा: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातला स्पर्श ५, एकंदर १०. नवखे लोक रूपावर परिच्छेद लिहितात आणि चवीला दोन शब्द, म्हणजे नेमकं उलट. ३० ते ३७ म्हणजे ‘खूप चांगली’, हे करणाऱ्याला आधीच सांगा, नाहीतर ३२ गुण पाहून त्याला शाळेतला निकाल आठवतो. दोघा परीक्षकांत सातपेक्षा जास्त गुणांचा फरक पडला तर परत चाखून बोलायचं, सरासरी काढून मोकळं व्हायचं नाही.

‘नवीन यीस्टने फरक पडला का?’ या प्रश्नाला गुण उपयोगी नाहीत, तिथे त्रिकोणी चाचणी. तीन पेले, दोन सारखे, एक वेगळा, वेगळा ओळखायचा. नुसत्या तर्कानेही तिघांत एकाचं बरोबर येतंच. म्हणून १२ जणांत किमान ८, आणि ६ जणांत ५ बरोबर आले तरच फरक खरा धरा. रंगात फरक असेल तर गडद पेले घ्या.

तुरटी

नाक सगळ्यांचं सारखं नसतं, हेही ध्यानात ठेवा. एखाद्याला डायअसिटील जवळजवळ येतच नाही, एखाद्याला लवंग थेंबभरही खटकते. आपलं नाक कुठे आंधळं आहे हे तपासायला साध्या लागरच्या बाटल्या घ्या. एकीत चमचाभर डबाबंद मक्याचं पाणी, एकीत व्होडकात भिजवलेल्या लवंगेचे थेंब, एकीत बटर इसेन्सचा थेंब. हिरव्या बाटलीतली एक तासभर उन्हात. न भेसळलेली एक शेजारी हवीच. दुसऱ्याने क्रम बदलून द्यायचे, तुम्ही ओळखायचे. जे ओळखता येत नाही त्यावर मत देऊ नका. तीन तरी चाखणारे हवेत, ते यासाठीच.

हॉपवेल

लिहिण्याचा नमुना देतो. निरुपयोगी: ‘जरा विचित्र वास, बहुतेक संसर्ग.’ उपयोगी: ‘वासात मध्यम डेटॉल, गिळल्यावरही टिकतो. आंबटपणा नाही, कडं नाही. पेल एलमध्ये बसत नाही. पाण्यातलं क्लोरामाइन असावं. पुढची बॅच कॅम्पडेन टाकून, बाकी काही न बदलता करून पाहा.’

काय आलं, किती, शैलीत बसतं का, मग कारणाचा अंदाज, आणि बदल एकच. जे आलं ते ठामपणे लिहा, कारण मात्र ‘असावं’ म्हणूनच. तुम्ही त्याच्या गॅरेजमध्ये उभे नव्हता. पाच बदल सुचवले तर पुढच्या बॅचला नेमकं कशाने सुधारलं ते कुणालाच कळत नाही.

आणि ताज्या न्यू इंग्लंड आयपीएने घसा खवखवला तर ‘फार कडू’ लिहू नका. तो हॉप्सचा तरंगणारा भुगा असतो. आठ-दहा दिवस गार ठेवून तीच बाटली पुन्हा चाखा.

रिकामी बाटली

पितळेच्या भांड्यासारखी, धातूची चव आली तर? ती पाण्यातून आली की नळातून, ते चाखून कळतं का?

सत्तू

कुठून आली ते चाखून कळत नाही. आहे की नाही ते मात्र नक्की करता येतं. दोन थेंब मनगटाच्या मागे चोळा आणि लगेच हुंगा. जुन्या नाण्यांसारखा वास आला तर लोह आहे. मग नळाच्या पाण्यावरही तेच करून बघायला सांगा. पाण्यात आला नाही तर आधी भांड्यांवर कुठे पत्रा खरवडलाय ते, मग केगचे सांधे.