मदत हवी आहे: एकच फोटो, दोन ब्राउझर आणि पैठणीचे दोन रंग

नमस्कार मंडळी,

येवल्यातल्या काही विणकरांसाठी मी पैठण्यांचे फोटो काढते. गिऱ्हाईक फोटो बघूनच ऑर्डर देतं. साडी हातात पडल्यावर "हा तो रंगच नाही" म्हणून परत आली की भुर्दंड विणकराला, म्हणून जीव तुटतो.

राणी रंगाच्या एका पैठणीचा फोटो एका ब्राउझरमध्ये (क्रोम) समोरच्या साडीशी अगदी जुळतो. दुसऱ्यात (फायरफॉक्स) तोच रंग भडक होतो, जरीचा सोनेरी रंग नारिंगीकडे झुकतो आणि पदरावरच्या मोरांमधले लाल-गुलाबी धागे वेगळे ओळखूच येत नाहीत. मॉनिटर तोच, दोन्ही खिडक्या शेजारी-शेजारी.

माझा मॉनिटर वाइड गॅमटचा आहे, म्हणजे साध्या स्क्रीनपेक्षा जास्त गडद रंग दाखवू शकणारा. फोटोत कलर प्रोफाइल (फोटोतले रंग कुठल्या मोजमापाने वाचायचे ते सांगणारी माहिती) नसलं तर क्रोम तो एसआरजीबी, म्हणजे वेबवरच्या नेहमीच्या मोजमापातला, समजून रंग मॉनिटरप्रमाणे बदलून घेतो. फायरफॉक्स मूळ सेटिंगवर फक्त प्रोफाइल असलेल्या फोटोंचेच रंग सांभाळतो, बाकीचे जसेच्या तसे स्क्रीनवर जातात. साध्या स्क्रीनवर हा फरक फारसा कळत नाही, माझ्याकडे डोळ्यांत खुपतो. खात्री करायला एकाच फोटोच्या दोन प्रती केल्या, एक प्रोफाइलसकट आणि एक त्याशिवाय. प्रोफाइलवाली प्रत दोन्हीकडे सारखीच दिसली.

मग मी साइटवर सगळे फोटो प्रोफाइल जोडूनच चढवले. (आधी एसआरजीबीत बदलून, कारण ॲडोबी आरजीबी या जास्त रंग मावणाऱ्या मोजमापातल्या फोटोचं प्रोफाइल गेलं की तो उलट फिका पडतो.) तरी घोळ आहेच! फायरफॉक्समध्ये मोठा फोटो उघडला की रंग बरोबर, पण यादीतला छोटा फोटो भडक. छोटा फोटो उतरवून तपासला, तर त्यात प्रोफाइलच नाही. छोट्या प्रती सर्व्हरवर जीडीने (साइट चालवणाऱ्या पीएचपी भाषेतली फोटो हाताळायची लायब्ररी) बनतात, आणि जीडी प्रोफाइल पुढे नेत नाही.

फायरफॉक्समध्ये रंगव्यवस्थापनाची सेटिंग २ वरून १ केली की प्रोफाइल नसलेले फोटोही एसआरजीबी धरले जातात, हे माहीत आहे. पण ते माझ्या संगणकापुरतं. गिऱ्हाइकाला कुठे सांगत बसणार?

कुणी जीडी सोडून इमेजमॅजिक (फोटो हाताळायचं दुसरं सॉफ्टवेअर) वापरायला लागलंय का? त्यात 'स्ट्रिप' (फोटोतली जादा माहिती काढून टाकायचा पर्याय) दिलं नाही तर प्रोफाइल टिकतं, पण साध्या शेअर्ड होस्टिंगवर (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) इमेजमॅजिक चालू करून मिळतं का? आणि आधीच चढवलेल्या फोटोंच्या छोट्या प्रती पुन्हा कशा बनवायच्या? दिवाळीच्या ऑर्डरी सुरू व्हायच्या आत हे मार्गी लावायचं आहे.