कमी खर्चात हॅलोविन: भोपळा आणि ममीचा पोशाख

प्रश्न: ३१ ऑक्टोबरला सोसायटीतल्या मुलांचं हॅलोविन आहे. खरा लाल भोपळा कोरला तर टिकेल का? ममीचा पोशाख घरी कसा करावा?

उत्तर १: आपल्या दमट हवेत कोरलेल्या भोपळ्याला लवकर बुरशी धरते. कागदाचाच करा. १ वाटी मैदा, ४ वाट्या पाणी शिजवून खळ करा. खळीत मोरचूद (निळं कॉपर सल्फेट) अजिबात घालू नका, ते विषारी असतं. फुगवलेल्या फुग्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्यांचे ४ थर द्या. दोन थरांनंतर पंख्याखाली पूर्ण वाळवा. आत ओल राहिली तर फुगा फोडताच गोळा बसतो. आत मेणबत्ती नको, एलईडी दिवाच ठेवा.

उत्तर २: बँडेज महाग पडतं. जुनी सुती चादर ५ सेंमी पट्ट्यांत हाताने फाडा. कडेचे सुटलेले दोरेच शोभा आणतात. जुनाट रंग यावा म्हणून पट्ट्या कोऱ्या चहात अर्धा तास भिजवा. नुसत्या गुंडाळल्या तर चालताना सुटून पायात येतात, म्हणून जुन्या टी-शर्ट आणि लेगिंगवर टाके घाला.

उत्तर ३: सजावटीला कागदी वटवाघळं करायची तर काळा कार्डशीट मुंबईतल्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवर घ्या. भिंतीला टेप लावू नका, रंग निघतो. कापलेली वटवाघळं दोऱ्यात ओवून पडद्याच्या दांडीला टांगा.