अंगावर पाजत असताना वजन उतरवावे, की सहा महिने थांबावे?

भुसावळची सून (धागाकर्ती)

माझे बाळ साडेचार महिन्यांचे असून ते केवळ अंगावरच्या दुधावर आहे. गरोदर राहण्यापूर्वी माझे वजन ६१ किलो होते आणि आज ते ७४ आहे. उंची ५ फूट २ इंच असल्याने बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचे माप) तिसाच्या उंबरठ्यावर येतो. बाळाला कडेवर घेऊन तिसरा मजला चढताना गुडघे बोलतात, म्हणून हा प्रश्न केवळ जुने ब्लाउज बसत नाहीत एवढ्यापुरता नाही.

माझे मत असे, की वजन आताच उतरवायला हरकत नाही, मात्र काट द्यायची ती जेवणाला नव्हे, जेवणावरच्या थराला. अमळनेरहून आईने डिंकाच्या लाडवांचा दुसरा डबा पाठवला, तेव्हा मी एक लाडू स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून पाहिला, तो ६२ ग्रॅम भरला. तूप, गूळ, खोबरे, खारीक, गोडंबी असा ऐवज पाहता त्यात तीनशेच्या आसपास कॅलरी सहज असतात. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे पहिल्या सहा महिन्यांत पाजणाऱ्या आईला रोज ६०० कॅलरी जास्तीच्या लागतात. म्हणजे सकाळच्या दोन लाडवांतच ती सगळी गरज भागते, आणि त्यानंतर येणारी अळिवाची खीर, शिरा आणि भाकरीवरची तुपाची धार हे सगळे थेट कमरेवर जमा होते. म्हणून रोज एकच लाडू, दादर ज्वारीची भाकरी आणि भाजी पूर्वीइतकीच, संध्याकाळी अर्धा तास चालणे आणि आठवड्याला फार तर अर्धा किलो उतरणे, असे मी ठरवत आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी कारणासह लिहावे.

चोपड्याची आजी

बेटा, मला पटत नाही. नऊ महिन्यांत चढलेले वजन उतरायलाही नऊ महिने द्यावेत, एवढा साधा हिशेब आहे. सहाव्या महिन्यानंतर बाळ वरण-भात, खिमटी खाऊ लागते, तुझ्यावरचा भार आपोआप हलका होतो, मग दीड महिन्यासाठी घाई कशाला? लाडू हा काट्यावर ठेवण्याचा पदार्थ नव्हे, झिजलेली कंबर भरून येण्यासाठी तो आहे. शिवाय चैत्र लागला आहे. वैशाखात आपल्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, बाईला दोन घास जात नाहीत आणि अंग आपोआपच उतरते. त्यात तू मुद्दाम कमी खाल्लेस, तर दूध कशाचे बनणार? बाळालाही उन्हाळ्यात चमचा-चमचा पाणी पाजावे. (आम्ही सव्वा महिना झाला की निंदणीला जात असू, हेही खरे आहे, पण ते चांगले होते असे मी म्हणणार नाही.)

जळगावची परिचारिका

बारा वर्षे प्रसूतिकक्षात काम करत असल्याने थोडे सविस्तर लिहिते. पाण्याविषयी आधी सांगणे भाग आहे : सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला खानदेशच्या उन्हाळ्यातही वेगळे पाणी देऊ नये. ते अंगावर अधिक वेळा घ्यावे, आणि पाणी आईने तहान भागेपर्यंत प्यावे.

वजनाविषयी मी धागाकर्तीच्या बाजूने आहे. २००० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात निव्वळ अंगावर पाजणाऱ्या, वजन जास्त असलेल्या चाळीस स्त्रिया होत्या. त्यांपैकी एका गटाने बाळंतपणानंतरच्या चौथ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत रोजच्या आहारातून ५०० कॅलरी कमी केल्या आणि आठवड्यातून चार दिवस पाऊण तास व्यायाम केला. त्यांचे वजन आठवड्याला सुमारे अर्धा किलो उतरले आणि बाळांच्या वाढीत दुसऱ्या गटाच्या तुलनेत फरक पडला नाही. तरीही मी दूध नीट उतरून सहा-आठ आठवडे होईपर्यंत थांबायला सांगते, आणि सिझेरियन असेल तर व्यायामाआधी डॉक्टरांना विचारायला लावते.

मात्र धागाकर्तीच्या हिशेबात एक खोट आहे. लाडवात कॅलरी भरपूर आणि प्रथिने बेताची असतात, आणि पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज १७ ग्रॅमच्या आसपास प्रथिने जास्तीची लागतात. दुसरा लाडू काढला तर त्याची जागा रिकामी ठेवू नये, तिथे वाटीभर घट्ट वरण, अंडे, दही किंवा कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीसोबत उसळ यावी. लोह-फॉलिक आम्लाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस आणि कॅल्शियमही सहा महिने घ्यायचे असते, पण दोन्ही एका वेळी नको आणि लोहाची गोळी चहाबरोबर तर नकोच. वजन उतरवणाऱ्या गोळ्या आणि इंजेक्शने या काळात पूर्ण वर्ज्य समजावीत. भाकरी-भात सर्वस्वी बंद करणाऱ्या आहाराने पाजणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात आम्ल साठून रुग्णालयात दाखल करावे लागल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. आणि नीट खाऊनही वजन अकारण भराभर उतरत असेल, छातीत धडधडत असेल, तर थायरॉइड तपासावे, कारण बाळंतपणानंतर ते बिघडू शकते.

धुळ्याची लेक

मी आजींच्या बाजूने आहे, आणि ते अनुभवाने. बाळ तीन महिन्यांचे असताना मी फोनवर आलेला एक ‘प्लॅन’ पैसे भरून घेतला होता. सकाळी जिऱ्याचे पाणी, दुपारी एक भाकरी आणि रात्री नुसते सूप. तीन आठवड्यांत माझे चार किलो उतरले, घरातल्यांनी कौतुक केले, आणि लसीकरणाला गेले तेव्हा बाळाच्या कार्डावरची वजनाची रेघ आडवी झालेली दिसली. डॉक्टरांनी बाळाला तपासण्याआधी मला विचारले, “तुम्ही काल रात्री काय जेवलात?” पोटभर जेवण आणि दर दोन तासांनी पाजणे सुरू केल्यावर दूध पूर्ववत व्हायला दहा-बारा दिवस लागले. परिचारिकाताईंचा अभ्यास खोटा नाही, पण त्या चाळीस जणींवर लक्ष ठेवायला माणसे होती. आमच्यावर घरचा आरसा तेवढा लक्ष ठेवतो. ‘अर्धा किलो’ लिहिले की बाई दीड किलो ऐकते.

धडगावची अंगणवाडीताई

ही सगळी चर्चा भरल्या ताटाची आहे, हे कोणीतरी लिहायला हवे होते. माझ्या नोंदवहीत पाजणाऱ्या आया ४० ते ४२ किलोच्या आहेत. त्यांच्यासाठी अमृत आहार योजनेतून एक वेळचे चौरस जेवण शिजते, ते त्यांनी तिथेच बसून खावे म्हणून मला मागे लागावे लागते, कारण अर्धे ताट घरच्या मोठ्या पोराकडे जाते. ज्या बाईचा बीएमआय साडेअठराच्या खाली आहे तिने हा धागा वाचून एक घासही कमी करू नये, ही ओळ सर्वांत वर असली पाहिजे. धागाकर्तीने स्वतःचे वजन-उंची प्रामाणिकपणे दिली आहे, म्हणून तिच्यापुरता तिचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही.

भुसावळची सून (धागाकर्ती)

ताईंची ओळ वर घालायला हवी होती, ते माझ्याकडून राहिले. प्रथिनांची चूकही मान्य आहे, दुसऱ्या लाडवाच्या जागी आता वरणाची वाटी आणि एक अंडे आले आहे. धुळ्याच्या ताईंच्या भीतीवर मी एवढाच उपाय केला, की माझ्या वजनाशेजारी बाळाचेही वजन लिहायचे. बाळ दिवसातून सहा-सात वेळा लघवी करते का, पाजल्यावर निवते का, हेही त्याच पानावर येते. दोन आठवडे झाले : मी ७०० ग्रॅमने उतरले, बाळ २४० ग्रॅमने चढले. ही दुसरी संख्या अडखळली तर पहिली लगेच सोडून देईन. चालणे ऊन उतरल्यावर, सातनंतर. आजी, सहा महिने थांबावे हे मात्र मला अजून पटलेले नाही.

चोपड्याची आजी

पटू नये. बाळ चढते आहे तोवर मीही गप्प बसते. डब्यातले उरलेले लाडू मात्र धडगावच्या ताईंकडे पोचवता आले तर पाहा.